‘मॅलार्ड’चं जुन्या धाटणीचं पोस्टर रंगवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

वाफेच्या इंजिनाच्या वेगाचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलार्ड’ या ब्रिटिश इंजिनाचं जुन्या रेल्वे पोस्टरसारखं चित्र काढायला अनेक जण घेतात. त्यातली बरीच चित्रं माझ्यासमोर येतात. हात चांगला असतो, मेहनत भरपूर असते, तरी चित्र फसतं आणि बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं फसतं. पहिल्या दिवशीच चाकांचे आरे काढायला घेतलेले असतात. वर्ष ठरवलेलं नसतं, म्हणून १९३८चा रंग आणि १९५०च्या दशकातला नंबर एकाच इंजिनावर बसतो. शेवटी अक्षरांची आठवण होते, तेव्हा त्यांना जागा उरलेली नसते.

हे सगळं क्रम बदलला की सुटतं. खालचे टप्पे पोस्टर कलर आणि कागदासाठी लिहिले आहेत. टॅबलेटवर काम करणाऱ्यांना रंग मिसळण्याचा आणि वाळवण्याचा भाग सोडता येईल, बाकीचा नाही.

टप्पा १: आधी दिवस ठरवा, मग पेन्सिल उचला

एकाच इंजिनाची अनेक रूपं आहेत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. मार्च १९३८मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून हे इंजिन बाहेर पडलं तेव्हा त्याचा नंबर ४४६८ होता. रंग गार्टर ब्लू, म्हणजे गडद निळा. तोंड काळं, चाकं काळपट लाल, आणि चाकांच्या वरच्या भागावर पत्र्याचा पडदा. युद्धाच्या काळात देखभाल सोपी व्हावी म्हणून हा पडदा काढला गेला. १९४६मध्ये नंबर २२ झाला. ब्रिटिश रेल्वेच्या ताब्यात गेल्यावर ६००२२ झाला आणि १९५२पासून रंग हिरवा. १९६३मध्ये इंजिन सेवेतून निघालं. आज ते यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पुन्हा १९३८च्या रूपात, निळ्या रंगात आणि पडद्यासह उभं आहे.

पोस्टर विक्रमाचं असेल तर दिवस एकच: रविवार, ३ जुलै १९३८. मग नंबर ४४६८, निळा रंग आणि पडदा या तीन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत.

आजच्या फोटोवरून काढणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. बॉयलरच्या बाजूला विक्रमाची माहिती देणारी एक पाटी दिसते. ती १९४८मध्ये बसवली. विक्रमाच्या दिवशी ती इंजिनावर असणं शक्यच नव्हतं, म्हणून चित्रात ती नको.

⚠ सावध: वेग ताशी १२६ मैल आहे, किलोमीटर नाही. किलोमीटरमध्ये तो सुमारे २०३ होतो. मराठी पोस्टरवर ‘ताशी १२६ कि.मी.’ असं लिहिलेलं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे. नुसता ‘१२६’ आकडा लिहू नका, पुढे ‘मैल’ हवाच.

टप्पा २: आजच्या फोटोतून काय घ्यायचं नाही

इंजिनाचा आकार आजच्या फोटोवरून बिनधास्त घ्या. आजूबाजूचं काहीच घेऊ नका.

विक्रम झाला तो लिंकनशर भागात, ग्रँथमच्या दक्षिणेला, लिटल बायथम आणि एसेंडाइन यांच्यामधल्या स्टोक बँक नावाच्या उतारावर. आज त्या मार्गावर विजेच्या तारा आहेत, तेव्हा नव्हत्या. तेव्हा मार्गाकडेला तारायंत्राचे खांब होते आणि हात वर-खाली होणारे सिग्नल होते. स्लीपर लाकडी होते, काँक्रीटचे नव्हेत. भूभाग सखल आहे. जुलै महिना, शेतं आणि झाडांच्या कुंपणरांगा. मागे डोंगर नको, दरी नको, कमानींचा पूलही नको. घाटातल्या गाड्या पाहून वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो मोह होतो, पण तो आवरा.

उताराचंही तसंच. ‘उतारावरून धावली’ असं वाचलं की लोक रूळ घसरगुंडीसारखे तिरके काढतात. स्टोक बँकेचा बराचसा उतार सुमारे २००ला १ एवढाच आहे. २०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली. ५० सेंटिमीटर रुंद कागदावर तो अडीच मिलिमीटर होईल. रूळ सपाटच काढा.

प्रकाशाची दिशा बहुतेक जण अंदाजानं ठरवतात, पण ती काढता येते. गाडी दक्षिणेकडे चालली होती आणि वेळ दुपारी चारनंतरची होती. सूर्य पश्चिमेकडे कललेला, म्हणजे उजेड इंजिनाच्या उजव्या बाजूवर. बघणारा मार्गाच्या पश्चिमेला उभा असेल तर त्याला गाडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसेल आणि सूर्य त्याच्या पाठीशी असेल. म्हणून इंजिनाचं तोंड चित्रात उजवीकडे ठेवा. तोंड डावीकडे केलंत तर दिसणारी बाजू सावलीत जाते आणि निळा रंग मरतो.

✔ तपासा: संदर्भाच्या फोटोंवर लाल पेन्सिलीनं खुणा करा. तारा, काँक्रीटचे स्लीपर, विक्रमाची पाटी, आजचे कपडे घातलेली माणसं, या सगळ्यांवर फुली. इंजिनामागे काय येतं ते वेगळ्या कागदावर क्रमानं लिहा: टेंडर (इंजिनाला जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा), मग सागवानी तपकिरी रंगाचा मोजणी डबा, मग ‘कॉरोनेशन’ नावाच्या जलद गाडीचे दुरंगी निळे ६ डबे. वेगाची नोंद त्या तपकिरी डब्यात झाली, आणि चित्रात नेमका तोच विसरला जातो.

टप्पा ३: कागद, रंग आणि बाकीचं सामान

‘मॅलार्ड’ ज्या कंपनीचं होतं त्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची पोस्टरं दोन मापांत असायची, उभं २५ × ४० इंच आणि आडवं ५० × ४० इंच. घरी काम करताना तेच आकडे सेंटिमीटरमध्ये घ्या. प्रमाण तसंच राहतं आणि टेबलावर मावतं. पहिल्या वेळी आडवं, ५० × ४० सेंटिमीटर घ्या. भोवती चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर जादा कागद सोडा.

कागद जाड हवा, ३०० जीएसएमच्या आसपास, फार खरखरीत नको. माउंट बोर्ड आणखी चांगला, पाणी लागलं तरी वळत नाही. साधा ड्रॉइंग पेपर वापरणार असाल तर तो आधी ओला करून चारही बाजूंनी गमटेपनं बोर्डवर ताणून घ्या आणि पूर्ण वाळू द्या.

रंग: अल्ट्रामरिन ब्लू, काळा, पांढरा, यलो ऑकर, क्रिमसन, व्हर्मिलियन, लेमन यलो. कॅमलच्या बाटल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि त्या पुरेशा आहेत. पांढरा मोठ्या बाटलीत घ्या, तोच आधी संपतो.

चपटे ब्रश दोन (एक रुंद, एक मध्यम), गोल ब्रश २ आणि ० नंबरचे, रूलिंग पेन (एकसारख्या जाडीची रेघ ओढायचं पेन), कंपास, दोन गुण्या, फ्रेंच कर्व्ह (वळणदार रेषा ओढायची पट्टी), ट्रेसिंग पेपर, मास्किंग टेप. याशिवाय झाकणाच्या सात छोट्या डब्या लागतील. त्या कशाला, ते पुढे सांगतो.

⚠ सावध: पावसाळ्यात काम करत असाल तर जुन्या बाटल्या आधी उघडून वास घ्या. बुरशी धरलेला रंग कागदावर चांगला दिसतो, पण महिन्याभरात त्याला ठिपके पडतात.

टप्पा ४: मोजून काढलेलं बाजूचं चित्र

हा टप्पा सगळ्यांना टाळायचा असतो. टाळू नका. हे चित्र पोस्टरमध्ये जाणार नाही, पण चाकांच्या सगळ्या चुका इथेच मरतात.

ए३ कागद घ्या आणि १ला ५० हे प्रमाण धरा, म्हणजे खरे ५० सेंटिमीटर कागदावर १ सेंटिमीटर. रुळाची आडवी रेष ओढा. तिच्यावर उजवीकडून डावीकडे चाकांच्या केंद्रांच्या खुणा करा. पुढच्या दोन छोट्या चाकांत अंतर ३.८ सेंटिमीटर. त्यातल्या दुसऱ्यापासून पहिल्या मोठ्या चाकापर्यंत ३.४. मग ४.४ आणि पुन्हा ४.४. शेवटच्या मोठ्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ५.८. एकूण २१.८.

आता व्यास. पुढची छोटी चाकं १.९ सेंटिमीटर, तीन मोठी चाकं प्रत्येकी ४.१, मागचं चाक २.२. रुळापासून इंजिनाच्या माथ्यापर्यंत ८ सेंटिमीटर. मोठं चाक इंजिनाच्या निम्म्या उंचीचं आहे, हे डोळ्यांत भरून घ्या. लोक ते एक-तृतीयांश काढतात आणि मग इंजिन मालगाडीचं दिसू लागतं.

टेंडरला एका बाजूला चार चाकं, प्रत्येकी अडीच सेंटिमीटरची. टेंडर धरून एकूण लांबी ४३ सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे ए३वर पूर्ण मावत नाही. त्याचा मागचा भाग कापला गेला तरी चालेल.

मग इंजिनावरचं पत्र्याचं कवच. पुढचं नाक उतरत्या पाचरीसारखं आहे, पण उतरण सरळ नाही, वर फुगीर आणि खाली येताना उभी होत जाणारी आहे. फ्रेंच कर्व्ह वापरा. चिमणी लांबट काढा. ‘मॅलार्ड’ला दुहेरी चिमणी होती, म्हणजे आत दोन नळकांडी एकामागे एक. वरून ती एकच लांबट उंचवटा दिसते. गोल, आखूड चिमणी काढली तर ते दुसरंच इंजिन झालं. चिमणीच्या पुढे शिट्टी आहे.

मोठ्या चाकांचा वरचा भाग पडद्याआड असतो. तो आधी पूर्ण वर्तुळ म्हणून हलक्या हातानं काढा, मग पडद्याची खालची वळणदार कड काढा आणि झाकलेला भाग खोडा. उलट क्रमानं केलंत तर चाकं अंडाकृती होतात.

शेवटी दांडे. इथे दोन चुका नेहमीच्या. तीन मोठ्या चाकांना जोडणारा दांडा रुळाला कायम समांतर असतो, कारण तिन्ही चाकांवरची त्याची खीळ एकाच कोनात असते. तो तिरका काढला की इंजिन मोडलेलं दिसतं. आणि पुढून, सिलिंडरच्या दट्ट्याकडून येणारा दांडा मधल्या मोठ्या चाकाला जोडलेला आहे, पहिल्याला नाही.

✔ तपासा: चाकं मोजा. एका बाजूला २, ३, १. ही सहा झाली की पुढे जा.

टप्पा ५: आगपेटीएवढी कच्ची चित्रं

आता पोस्टरची मांडणी. ५ला ४ या प्रमाणात आगपेटीएवढे आठ-दहा चौकोन आखा आणि जाड पेनानं फक्त तीन गोष्टी मांडा: गडद, मध्यम, फिकट. इंजिनाचा बारकावा एकही नको.

बाजूचं सरळ चित्र पोस्टरमध्ये वापरायचा मोह होईल. इंजिन आणि टेंडर मिळून लांबी उंचीच्या पाचपटीहून जास्त आहे, त्यामुळे ५० सेंटिमीटरच्या कागदावर मधोमध आठ सेंटिमीटरची पट्टी उरते आणि वर-खाली नुसतं रान. तिरकं, तीन-चतुर्थांश दृश्य घ्या. तोंड उजवीकडे मोठं, गाडी डावीकडे लहान होत जाणारी.

अक्षरांची जागा याच टप्प्यावर ठरवा. खालची सहा सेंटिमीटरची पट्टी मी नेहमी अक्षरांसाठी सोडतो. प्रत्येक छोट्या चौकोनात ती पट्टी काळी करून टाका, म्हणजे उरलेल्या जागेचाच विचार होईल.

गती कुठून येते, हेही इथेच कळतं. मागे रेघोट्या मारून गती येत नाही. जमिनीची रेष खाली, इंजिनाचा मोठा निळा आकार तिरका, आणि धूर जवळजवळ आडवा मागे गेलेला, एवढ्यानं ती येते. आठ चौकोनांतल्या एखाद्यात इंजिन कागदाबाहेर निघाल्यासारखं वाटेल. तो निवडा.

✔ तपासा: निवडलेला चौकोन हात लांब करून बघा, मग डोळे बारीक करून बघा. इंजिन आकाशापासून सुटं दिसतं का? दिसत नसेल तर आकाश आणखी फिकट करा, इंजिन गडद करू नका.

टप्पा ६: तिरकं दृश्य बांधणं

क्षितिजरेषा बफरच्या (तोंडाशी खाली असलेल्या, धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्यांच्या) उंचीवर घ्या, म्हणजे रुळापासून साधारण एक मीटरवर. बघणारा बांधाखाली उभा आहे असं समजा. याचा फायदा असा की इंजिनाचे दोन्ही बफर क्षितिजावरच बसतात, मागच्या प्रत्येक डब्याचेही. एक रेष ओढली की सगळी गाडी एका ओळीत येते. इंजिनाचा बाकीचा भाग क्षितिजाच्या वर उंच उभा राहतो, आणि तोच भव्यपणा आपल्याला हवा असतो.

आधी इंजिन एका खोक्यात बसवा. खोक्याच्या तोंडाची रुंदी आणि उंची सुमारे दोनास तीन. समोरची उंची कागदावर १८ सेंटिमीटर धरलीत तर रुंदी तिरकेपणामुळे बारापेक्षा कमीच दिसेल. बाजूच्या कडा डावीकडच्या लोपबिंदूकडे, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावर जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूकडे न्या. तो कागदाच्या बाहेर जाईल, म्हणून कागद मोठ्या बोर्डवर लावा आणि बिंदूच्या जागी खिळा ठोका.

खोक्यात चाकांच्या जागा डोळ्यांनी ठरवायच्या नाहीत. नव्वद टक्के चित्रांत मागचा अर्धा भाग लांबतो, तो इथेच. अशी रीत वापरा:

पहिल्या छोट्या चाकाचं केंद्र रुळाच्या रेषेवर जिथे पडतं, तिथून डावीकडे एक आडवी रेष ओढा. तिच्यावर ३.८, ३.४, ४.४, ४.४, ५.८ या अंतरांच्या खुणा ओळीनं करा. ही रेष सपाट आहे, तिला दृश्याचा तिरकेपणा नाही. मग तिरक्या रुळरेषेवर शेवटचं चाक कुठे हवं ते एकदाच ठरवा. आडव्या रेषेवरची शेवटची खूण त्या जागेला जोडा आणि रेष तशीच पुढे क्षितिजापर्यंत न्या. क्षितिजावर जो बिंदू मिळेल, त्याला बाकीच्या सगळ्या खुणा जोडा. या रेषा रुळाला जिथे छेदतील तिथे चाकं. अंतरं आपोआप योग्य प्रमाणात आखडतात.

चाकांची लंबवर्तुळं काढताना त्यांचा उभा अक्ष सरळ उभा ठेवा. चाकं रुळावर उभी आहेत, कलंडलेली नाहीत. मागच्या चाकांची लंबवर्तुळं उंचीच्या मानानं पुढच्यांपेक्षा किंचित निरुंद किंवा तेवढीच येतील, कधीच रुंद नाही.

तोंडाच्या काळ्या रंगाची कड बाजूच्या निळ्यात मोठी कमान घेऊन मागे वळते. ती कमान या इंजिनाची ओळख आहे, तिच्यासाठी वेळ द्या. आधी मधल्या रेषेवर, मग कडेवर, मग बाजूवर, अशा तीन-चार जागी तिच्या खुणा करा आणि एका झटक्यात खांद्यातून हात फिरवून ओढा. मनगटानं ओढलेली कमान गाठीगाठींची होते.

पूर्ण झालेलं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या. चांगल्या कागदावर फक्त बाहेरचे आकार उतरवा, आरे, खिळे, रिव्हेट काही नाही.

⚠ सावध: कुणाचं जुनं किंवा नवं पोस्टर ट्रेस करू नका, कुणाचा फोटोही जसाच्या तसा नको. इतकी बांधणी केल्यावर त्याची गरजही पडत नाही.

टप्पा ७: सात डब्या

त्या काळची पोस्टरं लिथोग्राफीनं छापली जायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा लागायचा, म्हणून रंग मोजके. टॉम पर्व्हिससारख्या चित्रकारांनी यातूनच बाह्यरेषा न काढता सपाट रंगांचे तुकडे शेजारी ठेवायची पद्धत वापरली. ती धाटणी हवी असेल तर आपणही रंग मोजून घ्यायचे. ज्यांनी इंटरमिजिएटच्या परीक्षेला संकल्पचित्र रंगवलं आहे त्यांना ही शिस्त ठाऊक असेल.

माझ्या सात डब्या अशा: फिकट पिवळसर पांढरा (आकाश आणि वाफ), गवती पिवळा (लांबची शेतं), मळकट हिरवा (जवळची झाडं), इंजिनाचा निळा, काळसर निळा, काळपट लाल, आणि तपकिरी (मोजणी डबा, स्लीपर, खडीतली सावली). प्रत्येक रंग पूर्ण चित्राला पुरेल एवढा एकदमच मिसळा आणि डबीत झाकून ठेवा. निम्म्यात संपलेला निळा पुन्हा तसाच मिसळणं जवळजवळ अशक्य असतं.

इंजिनाच्या निळ्यासाठी अल्ट्रामरिन मुख्य, त्यात काळ्याचा अगदी थोडा अंश आणि चिमूटभर पांढरा. प्रशियन ब्लू वापरू नका, तो हिरव्याकडे झुकतो. लालसाठी क्रिमसनमध्ये थोडा व्हर्मिलियन आणि काळ्याचं टोक. चाकं भडक लाल झाली की चित्राची नजर तिथेच अडकते आणि इंजिन खेळण्यातलं दिसतं.

शुद्ध काळा कुठेच वापरू नका. तोंडाचा काळा, सावल्या आणि अक्षरं, या सगळ्यांसाठी तो काळसर निळाच. जवळून तो काळा वाटतो, पण निळ्या इंजिनाशेजारी ठेवला की शेजार जुळतो.

✔ तपासा: प्रत्येक रंगाचा ठिपका कागदाच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्या. पोस्टर कलरमध्ये गडद रंग वाळल्यावर थोडे फिके होतात आणि फिके रंग थोडे गडद. ओल्या रंगावर विश्वास ठेवून निर्णय घेऊ नका. मग त्या तुकड्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. आकाश आणि शेत एकाच करड्यात मिसळले तर चालतं. इंजिनाचा निळा आणि झाडांचा हिरवा मिसळता कामा नयेत.

टप्पा ८: रंग लावण्याचा क्रम

रंग ताज्या, घुसळलेल्या दह्याएवढा दाट हवा. ताकासारखा पातळ केला तर पट्टे पडतात, श्रीखंडासारखा ठेवला तर ब्रशच्या रेघा उमटतात आणि नंतर तडे जातात.

क्रम मागून पुढे आणि मोठ्याकडून छोट्याकडे. आकाश. लांबची शेतं. झाडांची रांग. खडी आणि रूळ. मागचे निळे डबे. मोजणी डबा. टेंडर. मग इंजिन: आधी पूर्ण बाजू मधल्या निळ्यानं, वाळल्यावर सावलीचा भाग काळसर निळ्यानं, मग तोंड. माथ्यावरची चमक शेवटी, निळ्यात आकाशाचा रंग मिसळून, एकच लांब पट्टी.

प्रत्येक आकार ओला असतानाच पूर्ण करा. आधी कड गोल ब्रशनं आखून लगेच चपट्या ब्रशनं आत भरा. मधेच फोन घ्यायला उठलात तर तिथे रेघ उमटते आणि ती कितीही थर दिले तरी जात नाही.

दुसरा थर द्यायचा असेल तर पहिला पूर्ण कोरडा असू द्या आणि एका जागी ब्रश एकदाच फिरवा. पोस्टर कलर पाण्यानं पुन्हा विरघळतो. घासत बसलात तर खालचा रंग वर येतो आणि दोन्ही मळतात. ठाण्या-मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये रंग हाताला कोरडा लागला तरी आत ओला असतो. तेव्हा हेअर ड्रायर लांबून फिरवा किंवा रात्रभर थांबा.

⚠ सावध: सरळ कडांसाठी मास्किंग टेप लावण्याआधी तो कपड्यावर दोनदा चिकटवून काढा. ताजा टेप वाळलेला रंगही सोलून नेतो.

आकार वेगळे दिसावेत म्हणून भोवती काळी रेघ ओढायची इच्छा इथे प्रत्येकाला होते. ओढू नका. आकार सुटा दिसत नसेल तर शेजारचा रंग चुकला आहे. तो बदला.

टप्पा ९: चाकं, दांडे आणि वाफ

मोठ्या चाकाचा व्यास सुमारे २.०३ मीटर, म्हणजे परीघ जवळजवळ ६.४ मीटर. ताशी १२६ मैल वेगात गाडी सेकंदाला ५६ मीटर जाते. भागाकार केला की चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेत होतं. त्या वेगात कुणाच्याही डोळ्याला आरे दिसणार नाहीत. म्हणून चाक सपाट काळपट लाल भरा, बाहेर धावेची पातळ फिकट कड द्या, मधे तुंब्याचा गडद ठिपका आणि त्याभोवती अर्धवट वर्तुळाच्या एक-दोन गडद पट्ट्या. बस. पहिल्या दिवशी आरे काढायला बसू नका म्हणतो ते याचसाठी.

दांडे मात्र स्पष्ट ठेवा. करड्या पोलादाची ती एक लांब फिकट रेष सगळ्या लाल तबकड्यांना बांधून ठेवते. रूलिंग पेननं एकदाच ओढा.

वाफ आणि धुराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अर्धं आकाश त्यानंच भरतं किंवा बिघडतं. धावत्या इंजिनाचा धूर कापसाच्या गोळ्यांसारखा वर जात नाही. या वेगात तो चिमणीतून निघताच मागे लोटला जातो. या इंजिनाचं कवचच असं घडवलं होतं की धूर ड्रायव्हरच्या खोलीवरून उचलला जावा, त्याच्या डोळ्यांसमोर येऊ नये. म्हणून धुराचा पट्टा माथ्यापासून थोडा उंच, लांब, मागे जाता जाता रुंद होणारा काढा. खालची कड बरीचशी सरळ, वरची कड तीन-चार मोठ्या फुगवट्यांची. पाचवा फुगवटा लागला की तो ढग होतो.

धुरात दोनच छटा पुरेत, फिकट पांढरा आणि त्याच्या खाली किंचित निळसर. लिथोच्या छपाईतला रवाळ पोत हवा असेल तर बाकीचं चित्र कागदानं झाका आणि जुन्या टूथब्रशनं निळसर रंगाचे बारीक तुषार खालच्या कडेवर उडवा. आधी वर्तमानपत्रावर करून बघा.

✔ तपासा: चित्र आरशात बघा. उलटं दिसल्यावर कललेलं चाक आणि वाकडी चिमणी लगेच कळते.

टप्पा १०: अक्षरं

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं १९२९पासून सगळीकडे गिल सॅन्स वळणाची अक्षरं वापरली, सारख्या जाडीची आणि शेपट्या नसलेली. देवनागरीत त्याला जुळेल अशी अक्षरं म्हणजे सारख्या जाडीची, टोकं सपाट कापलेली. बोरूचं जाड-बारीक वळण इथे जुळत नाही, कितीही सुंदर असलं तरी. अंदाजासाठी ‘मुक्त’सारखा एखादा फॉन्ट समोर ठेवा, पण अक्षरं हातानं काढा. फॉन्टची अंतरं मोठ्या मापात सैल वाटतात.

‘मॅलार्ड’ हा शब्द देवनागरीत अवघड आहे. म वर अर्धचंद्र आहे आणि ड वर रफार, म्हणजे शिरोरेषेच्या वर दोन खुणा. लोक शिरोरेषेखालची उंची पट्टीभर घेतात आणि मग या दोन खुणा चित्रात घुसतात. सहा सेंटिमीटरच्या पट्टीत वर-खाली प्रत्येकी एक सेंटिमीटर मोकळं सोडा. उरलेल्या चारपैकी सुमारे एक सेंटिमीटर शिरोरेषेच्या वरच्या खुणांना, बाकी अक्षरांना. अर्धचंद्र आणि रफार एकाच उंचीवर संपवा. शिरोरेषा अखंड ठेवा आणि तिची जाडी उभ्या काण्याएवढीच ठेवा.

शब्द डावीकडे ठेवला तर उजव्या बाजूला लहान अक्षरांत दोन ओळी बसतात: ‘३ जुलै १९३८’ आणि ‘ताशी १२६ मैल’. आकडे देवनागरीच घ्या. एकाच ओळीत दोन लिपींचे आकडे आले की पट्टी फुटते. इंजिनावरचा नंबर आणि नाव मात्र इंजिनाचा भाग आहेत, ते मूळ लिपीतच राहतील: नंबर ड्रायव्हरच्या खोलीच्या बाजूला, नाव कवचाच्या पुढच्या अर्ध्या भागात, रेल्वेच्या नावाची आद्याक्षरं टेंडरवर.

अक्षरं ट्रेसिंगवर काढा, पट्टीवर सरकवून बघा, एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी जागा बदलावीशी वाटली तर बदला. मगच उतरवा आणि रंगवा.

टप्पा ११: शेवटचा हात

जादा सोडलेला कागद आता कापायचा, धारदार कटर आणि स्टीलच्या पट्टीनं, एकाच दाबात. आधी कापू नका, कारण टेपच्या कडेखाली रंग झिरपलेला असतो आणि तो या कापण्यातच जातो.

चित्र जुनं दिसावं म्हणून चहाचं पाणी फिरवणं, कडा जाळणं, घड्या पाडणं यातलं काही करू नका. ही पोस्टरं स्टेशनवर लागली तेव्हा नवीकोरी आणि रंगांनी ताजी होती. जुनी धाटणी मांडणीत आणि रंगांच्या मोजकेपणात असते, डागांत नसते. शिवाय चहाचं पाणी पोस्टर कलरवर गेलं तर दहा दिवसांचं काम दहा सेकंदांत वाहून जातं.

वार्निश ब्रशनं लावू नका. काचेची फ्रेम करा आणि काच व चित्र यांच्यामध्ये माउंटची पट्टी घाला. काच रंगाला टेकली तर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. प्रती काढायच्या असतील तर फ्रेम करण्याआधीच स्कॅन करून घ्या, निदान ३०० डीपीआयवर. फोटो काढायचा झाला तर ढगाळ दिवशी खिडकीजवळ काढा आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे निळा रंग दुरुस्त करताना हाताशी आधार राहील.

ट्रेसिंग आणि १ला ५०चं बाजूचं चित्र गुंडाळून जपून ठेवा. हिरव्या रंगातलं, पडदा नसलेलं ६००२२ काढायचं झालं तर टप्पा ४ पुन्हा करावा लागणार नाही. पडद्याची कड खोडली की चाकं खाली तयारच आहेत.